मागच्या बाकावर कोण बसणार?

२०२५ च्या गौरी आमच्या शिक्षक मंडळींच्या जन्मभर लक्षात राहणार आहेत. १ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजनाचा दिवस, घरोघरी पुरण शिजतंय आणि आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहाएक शाळांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो एकच पीडीएफ फॉरवर्ड करतोय. सुप्रीम कोर्टाचा निकाल होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागणार. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलीय त्यांना दोन वर्षांची मुदत, तेवढ्यात नाही जमलं तर घरी. पाचपेक्षा कमी राहिली असतील तर निवृत्तीपर्यंत थांबा पण प्रमोशनचं नाव काढू नका. अल्पसंख्याक शाळांना हे लागू करायचं की नाही ते मोठं खंडपीठ ठरवेल. केसचं नाव होतं अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन, म्हणजे भांडण आपल्याच राज्यातलं आणि दणका अख्ख्या देशाला. मला रिटायर व्हायला बराच अवकाश आहे, त्यामुळे मी सरळ पहिल्या गटात. पुढे चारच दिवसांनी शिक्षकदिन होता, त्या दिवशी पोरांनी आणलेली गुलाबाची फुलं घेताना आमच्या एका गुरुजींनी विचारलं, "हे फूल पात्र शिक्षकाला आहे की अपात्र?" सगळे हसले, पण तसं हसू येत नव्हतं.

तेव्हापासून दोन बाजूचं बोलणं ऐकून कान किटलेत. आमच्यातले म्हणतात, टीईटी सक्तीची करणाऱ्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेआधी लागलेल्यांना ही परीक्षा नाही असंच आजवर सांगितलं, त्या भरवशावर आम्ही संसार थाटले, कर्ज काढली, आणि आता अर्ध्या आयुष्यात खेळाचे नियम बदलता होय? बाहेरचे म्हणतात, अहो पण सातवी-आठवीच्या पोरांचं गणित शिकवता ना, मग त्याच लेव्हलचा पेपर द्यायला एवढी भीती कसली? मला विचाराल तर दोघंही खरं बोलतात आणि मुद्दा दोघांच्याही हातातून निसटलाय. आमच्यात अशी माणसं आहेत ज्यांना तिरकस अपूर्णांक दिसला की घाम फुटतो, हे मी इथं लिहिलं म्हणून संघटनेतले लोक मला फोन करतील ते करू देत. आणि आमच्यातच असेही आहेत की जे टीईटीत नव्वद मार्क लागतात तिथं ऐंशीवर अडकतील पण पहिलीच्या पोराला दिवाळीपर्यंत वाचायला लावतील. परीक्षा या दोघांना ओळखू शकते का, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि ती ओळखू शकत नसेल तर ओळखायचं काम कोण करत होतं आणि ते कधीपासून बंद पडलं?

माझे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तर झाले. फायनल म्हणजे सातवी. आज हसू येईल, पण त्या काळात फायनल पास माणूस म्हणजे गावातला वकील, पोस्टमन आणि सल्लागार सगळं एकत्र. आधी शाळेत उभं राहायचं, चार वर्षं शिकवायचं, मग नंबर लागेल तेव्हा ट्रेनिंग कॉलेजला जायचं आणि 'ट्रेंड' होऊन परत यायचं, पगारात थोडी वाढ मिळायची. ते सांगायचे, दिपोटी तपासणीला यायचे तेव्हा आदल्या दिवशी शाळा शेणानं सारवायची, पोरांना न्हाऊमाखू घालून बोलवायचं. दिपोटी म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. तो घोड्यावरून नाहीतर बैलगाडीतून यायचा, वर्गात बसायचा, स्वतः पोरांना गणितं घालायचा, आणि मग मास्तरला म्हणायचा, आता तुम्ही शिकवा, मी बघतो. आजोबांना त्या माणसाची भीती वाटायची आणि आदरही, कारण त्यातले बरेचसे स्वतः मास्तरकीतून वर गेलेले असत. भीतीची मला काही हौस नाही. पण शिकवताना कोणीतरी बसून बघायचं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी बारावीनंतर डीएडला, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायच्या कोर्सला, गेले तेव्हा डीएडला नंबर लागला की गावात पेढे वाटायचे. मेरिट इतकं वर जायचं की मेडिकल-इंजिनिअरिंग परवडत नसलेली सगळी हुशार पोरं-पोरी तिकडेच वळायची. दोन वर्षं हॉस्टेल, पांढरी साडी, आणि पाठ. पाठ म्हणजे सराव पाठ. त्या पाठाचं टाचण, म्हणजे लेखी आराखडा, काढायचं, ते आधी मॅडमकडून मंजूर करून घ्यायचं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साहित्य, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, असे सगळे रकाने. हेतुकथनाचं वाक्य तर झोपेतही म्हणता यायचं, "तर मुलांनो, आज आपण अमुक घटकाची माहिती घेणार आहोत." त्याआधी सूक्ष्म अध्यापन असायचं, म्हणजे एकच कौशल्य घेऊन पाच-सात मिनिटांचा पाठ, आणि समोर विद्यार्थी कोण तर आपल्याच वर्गातल्या मुली, त्या चौथीतल्या पोरांसारखी उत्तरं द्यायच्या आणि मुद्दाम वाकडी द्यायच्या. प्रश्न विचारण्याचं कौशल्य, प्रबलीकरण, चेतक बदल, काय काय नावं. तेव्हा सगळं नाटकी वाटायचं. थोडं होतंही. सराव शाळेतली पोरं तर आमच्यापेक्षा तयार होती, एकच कविता एका महिन्यात दोन-तीन छात्राध्यापिकांकडून शिकलेली असायची, त्यामुळे प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारायच्या आत ती कवितेचं नाव सांगून मोकळी व्हायची आणि आपलं हेतुकथन पाण्यात.

पण त्या पाठाला मागच्या बाकावर आमच्या मॅडम बसलेल्या असायच्या. हातात निरीक्षण वही आणि लाल पेन. शेजारी दोन मैत्रिणीही बसायच्या, त्यांनीही निरीक्षण लिहायचं. पाठ संपला की व्हरांड्यात उभं राहून बोलणी खायची. त्या वहीतले शेरे मला अजून पाठ आहेत. 'प्रश्न विचारता पण उत्तराची वाट पाहत नाही.' 'डाव्या रांगेला एकही प्रश्न नाही.' 'फळ्याला चिकटून उभ्या राहता, मुलांच्यात जा.' 'तक्ता सुंदर, पण तो दाखवेपर्यंत गुंडाळून ठेवा, पोरं पहिल्यापासून तक्त्याकडेच बघत होती.' यातला एकही शेरा कुठल्या पुस्तकात नव्हता आणि कुठल्याच चार पर्यायांच्या प्रश्नात बसणारा नव्हता. वीसेक वर्षांत मी बालमानसशास्त्रातला पियाजे दोनदा विसरले आणि दोनदा पाठ केला, पण उत्तराची वाट बघायचं मात्र एकदाही विसरले नाही.

मग शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार रुपये. ती योजना २००० सालची, तीन वर्षं मानधनावर राबायचं मग कायम. ते तीन हजार सांगितले की आजच्या मुलांना खोटं वाटतं, पण आमच्या शेजारच्या वाडीवरच्या वस्तीशाळेतल्या निमशिक्षकाला तेव्हा हजार रुपये मिळायचे आणि तोही चार-चार महिने उशिरा. त्यातले कित्येक जण पुढे नोकरी करता करता डीएड झाले, झगडून झगडून २०१४ साली कायम झाले, आणि आता त्यांनाही टीईटी. असो.

याच सुमाराला डीएडचं पीक आलं. ज्या गावात धड हायस्कूल नाही तिथं अध्यापक विद्यालय. संस्थाचालकांना कळलं होतं की आईबाप जमीन विकतील पण पोरीला डीएड करतील, कारण डीएड म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे लग्न जमलं. मग सराव पाठ कागदावर होऊ लागले. मागच्या बाकावर बसायला माणूसच नव्हता, जो होता तो एका वेळी तीन कॉलेजांच्या हजेरीपटावर होता. फायली मात्र सुंदर, वेलबुट्टी काढलेल्या, बाजारात आयत्या मिळायच्या. आणि मे २०१२ मध्ये भरती थांबली. लाखो पोरं डीएडची पदविका घेऊन कुणी पेट्रोल पंपावर, कुणी इन्शुरन्समध्ये, कुणी बापाच्या शेतात. ज्या कॉलेजांत नंबर लागावा म्हणून वशिले लावायचे त्यांच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या, बरीच बंद पडली. डीएडचं नाव बदलून डीटीएड झालं, मग डीएलएड झालं. नाव बदलून काय होतं म्हणा.

टीईटी आली ती या पार्श्वभूमीवर. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेनं त्याच वर्षी किमान पात्रता ठरवली, आणि आपल्याकडं पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. कॉलेजच्या सर्टिफिकेटवर विश्वास राहिला नाही म्हणून सरकारनं वर एक परीक्षा बसवली, असा त्याचा साधा अर्थ. आणि तो अर्थ मला चूक वाटत नाही. दीडशे प्रश्न, दीडशे मार्क, अडीच तास, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, तीस-तीस मार्कांचे. खुल्या वर्गाला नव्वद मार्क लागतात. निगेटिव्ह मार्किंगही नाही. तरी निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत. सुरुवातीला सर्टिफिकेट सात वर्षं चालायचं, २०२१ मध्ये ते आजन्म केलं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. जिथं एका कागदावर अख्खी नोकरी टांगलेली असते तिथं कागदाचा बाजार भरतो. १९ जानेवारी २०२० च्या टीईटीत पैसे घेऊन मार्क वाढवल्याचं पुण्याच्या सायबर पोलिसांनी बाहेर काढलं, तेही दुसऱ्याच एका भरतीच्या पेपरफुटीचा तपास करताना. टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेचे आयुक्तच डिसेंबर २०२१ मध्ये अटक झाले. पुढच्या वर्षी सात हजार आठशेहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली, नावांच्या याद्या आल्या, त्या याद्या गावोगाव चहाच्या टपरीवर वाचल्या गेल्या. त्यानंतर जो कुणी नवीन शिक्षक शाळेवर रुजू व्हायचा त्याच्याकडं लोक एकदा वरपासून खालपर्यंत बघून घ्यायचे. प्रामाणिकपणे पास झालेल्या पोरांचं त्यात काय झालं असेल, ते कुणी विचारलं नाही.

टीईटी ही फक्त पात्रता, बरं का. नोकरीसाठी वेगळी परीक्षा, अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. २०१७ च्या डिसेंबरात पहिली झाली, नंतर २०२३ ला, नंतर २०२५ ला. दोनशे प्रश्न, दोन तास, कॉम्प्युटरवर, त्यात पास-नापास नाही, मिळाले ते मार्क घेऊन सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा. पवित्रमुळे एक गोष्ट फार चांगली झाली, ती कबूल करायलाच पाहिजे. संस्थाचालकांच्या दारात लाखो रुपये मोजायची जी रीत होती तिला बराच आळा बसला. शेतमजुराची पोरगी मार्कांवर शिक्षिका होते हे मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्याच शाळेत.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा, एक टीव्ही. २०२४ मध्ये पवित्रवरून आमच्याकडं नवीन मॅडम आल्या, यवतमाळकडच्या. घर एवढं लांब, महिना सोळा हजार, त्यातले खोलीभाडं किती आणि गावी पाठवायचे किती. तरी हे सोळा हजार २०२३ ला वाढवले म्हणून, आधी सहाच होते. पहिल्या दिवशी त्या पोरांना म्हणाल्या, "काय करून राहिले रे?" आणि आमची घाटावरची पोरं जी हसत सुटली ती मधल्या सुट्टीपर्यंत. हुशार आहे पोरगी. वरून माहिती भरायला येणारी जी लिंक मला अजून उघडायला दहा मिनिटं लागतात ती तिची भरून झालेली असते. बुद्धिमत्तेची गणितं तर तोंडी सोडवते. पण पहिल्या आठवड्यात पहिली-दुसरीच्या वर्गात ती उभी राहिली आणि काय करायचं हेच तिला कळेना. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, कॉलेजला मी जास्तीत जास्त वेळ अभ्यासिकेत होते, तिथं टीईटी आणि टेटच करायचं. पाठ घेतले, पण बघितलं कुणी नाही."

एक दिवस तिचा दुसरीचा गणिताचा तास चालू होता आणि मी काहीतरी आणायला आत गेले ती तशीच मागं बसले. बेचाळीस वजा सतरा. एका पोरानं पाटीवर उत्तर लिहिलं, पस्तीस. मॅडमनी चूक अशी खूण केली आणि फळ्यावर हातच्याची रीत परत करून दाखवली, पोरानं मान हलवली, पुढचं गणित एकसष्ठ वजा अठ्ठावीस, उत्तर सत्तेचाळीस. परत चूक. आता हे पोर ढ आहे का? अजिबात नाही. ते अगदी नियमानं चाललंय, प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करतंय. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, झाले पस्तीस. आठातून एक गेला सात, सहातून दोन गेले चार, झाले सत्तेचाळीस. त्याचा नियम पक्का आहे, फक्त चुकीचा आहे. त्याला हातच्याची रीत दहादा दाखवली तरी उपयोग नाही, कारण त्याच्या मते त्याला रीत येतेच. मी तास झाल्यावर मॅडमना आगपेटीतल्या काड्यांचे दशकाचे गठ्ठे दिले आणि म्हटलं, उद्या त्यालाच चार गठ्ठे नि दोन काड्या द्या आणि म्हणा यातल्या सतरा मला दे, तो आपसूक गठ्ठा सोडेल. दुसऱ्या दिवशी त्यानं गठ्ठ्याचा रबर काढला तेव्हा मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. असल्या चुकांवर टीईटीच्या पेपरातही प्रश्न येतो कधी कधी, 'पुढील चुकीचे कारण ओळखा', चार पर्याय देऊन. तिनं तो बरोबरच सोडवला असता. पण इथं पर्याय दिलेले नव्हते आणि शेजारी तेवीस पोरं दंगा करत होती.

बरं, आम्ही दिलेल्या पाटीच्या जागी टॅब असता तर? टॅबवरच्या ॲपनं लाल फुली दाखवून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटलं असतं आणि वर एक रडका चेहरा दाखवला असता. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही हो. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला, त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या नोकरीतली सगळ्यात उत्साहाची वर्षं होती. लोकवर्गणी काढून शाळा डिजिटल केल्या. मुंबईला हमाली करणाऱ्या आमच्या गावच्या पोरांनी प्रोजेक्टरला पैसे पाठवले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यात संदीप गुंड गुरुजींनी आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल केली होती, माढा तालुक्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड घातले, नंतर ते बालभारतीच्या पुस्तकांत आले, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून टाकले. त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गुरुजीची छाती दोन इंच फुगली होती, माझीपण. आमच्या प्रोजेक्टरचं पुढं काय झालं ते सांगू का? बल्ब गेला. नवीन बल्ब प्रोजेक्टरच्या निम्म्या किमतीला. मग लाइट बिल थकलं म्हणून वीज तोडली, मग ग्रामपंचायतीनं भरलं, मग टीव्ही आला. टीव्ही चालतो, चांगला चालतो. ज्वालामुखी, समुद्र, ध्रुवावरची अस्वलं, हे मी खडूनं कुठून दाखवणार होते?

कोरोनात तर 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून रोज सरकारच्या दीक्षा ॲपच्या लिंक यायच्या, दूरदर्शनवर पोरांसाठी टिलीमिली लागायचं, आणि ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बाप कामावर घेऊन जाणार, तिथं आम्ही ओट्यावर जाऊन शिकवायचो. तेव्हाच हेही कळलं की चांगला व्हिडिओ शिक्षकाच्या बोलण्याची जागा घेऊ शकतो, पण पोराच्या पाटीत डोकावायची नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. वर्गात आलेल्या तंत्रज्ञानापेक्षा वर्गाबाहेर आलेल्या तंत्रज्ञानानं आमचा जास्त वेळ खाल्ला. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ अशी माहिती भरायची पोर्टलं, पोषण आहाराचं ॲप, आधार व्हॅलिडेशन, पोरांचा अपार आयडी, हजेरीचा चॅटबॉट, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे निष्ठाचे ऑनलाइन कोर्स, झाड लावल्याचा फोटो, झाडाला पाणी घातल्याचा फोटो. पोराच्या आधारमध्ये बापाच्या नावाची एक वेलांटी चुकली तर पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पोर धरलं जात नाही आणि पोर धरलं नाही तर शिक्षकाचं पद जातं, त्यामुळे सकाळी प्रार्थना झाली की आधी मोबाइल हातात. प्रशिक्षणाचंही तेच. पूर्वी डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, किंवा तालुक्याला जाऊन बसायचं, कंटाळा यायचा, पण निदान जेवताना दुसऱ्या शाळेतल्या बाईंकडून दोन युक्त्या कळायच्या. आता व्हिडिओ म्यूट करून पुढं ढकलायचा, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट डाउनलोड. आणि अगदी ताजी बातमी म्हणजे टाचण एआयकडून काढून घ्यायचं. मी बघितलं, भारी काढतो तो, सगळे रकाने भरून, उद्दिष्टांसकट, आमच्या डीएडच्या मॅडमनी लाल पेन हातात घेतला नसता असं. फक्त ते टाचण घेऊन वर्गात कोण काय करतंय ते बघायला कुणी नाही.

मला हे असं वाटायला कारण आहे. माझ्या नोकरीत शिकवण्याच्या पद्धतीत खराखुरा बदल मी एकदाच बघितला आणि तो कुठल्या परीक्षेनं आला नाही. साताऱ्यात कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे मॅडम विस्तार अधिकारी होत्या, त्यांच्या बीटातल्या शाळांत ज्ञानरचनावादानं शिकवणं सुरू झालं, फरशीवर रंगानं आखलेली कोष्टकं, मणी, काड्या, शब्दांच्या पट्ट्या, पोरं गटात बसून आपली आपण शिकतायत. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून यायचे. आम्हीपण गेलो होतो, तवेरा ठरवून, स्वतःच्या पैशानं, डबे घेऊन. दिवसभर फक्त वर्गात मागं बसलो. एक गुरुजी येताना गाडीत म्हणत होते, हे सगळं थोतांड असणार, आणि परत जाताना तेच फरशीसाठी कुठला ऑइलपेंट चालेल यावर चर्चा करत होते. कुणी त्यांना समजावलं नव्हतं. त्यांनी बघितलं होतं. पुढे बऱ्याच ठिकाणी नुसती फरशी रंगली आणि शिकवणं तेच राहिलं, हेही खरंय, पण जे बदललं ते बघण्यानं बदललं.

आता धोरणं बघा. बीएड २०१५ पासून एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं, त्यात वीस आठवड्यांची इंटर्नशिप आली, कागदावर फार छान. २०२० च्या नव्या धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बीएड ही किमान पात्रता. आणि २०२५ मध्ये एक वर्षाचं बीएड परत आणायचा मसुदाही निघाला. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली ते पाचवीला बीएडवाले चालणार नाहीत, डीएलएडच पाहिजे, कारण लहान पोरांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे. हा निकाल मला मनापासून पटला. पण मग त्या वेगळ्या विद्येचं कॉलेज जर बंद पडत असेल, तिथं शिकवणारे तासिका तत्त्वावर असतील, तर ती विद्या शिकायची कुठं? वर्षं वाढवा नाहीतर कमी करा, पाठ बघायला माणूस नसेल तर चार वर्षांचे चार वेगळे कागद तयार होणार.

परीक्षा घेणं स्वस्त पडतं, हा त्यातला खरा मुद्दा. फॉर्मची फी उमेदवारच भरतो, एका रविवारी लाखो लोकांना बसवता येतं, गोळे मशीन तपासतं. मागच्या बाकावर माणूस बसवायचा तर त्याला पगार द्यावा लागतो, गाडीखर्च द्यावा लागतो, आणि मुळात त्याला स्वतःला शिकवता यावं लागतं. केंद्रप्रमुखांचं काम तेच होतं, दहाएक शाळा, महिन्याला प्रत्येक शाळेत जाऊन वर्गात बसायचं. पदं रिकामी म्हणून एकाकडं दोन-दोन केंद्रं, आणि ते बिचारे दिवसभर माहिती गोळा करून वर पाठवतायत. आमच्याकडं येतात तेव्हा चहा घेतात, कोऱ्या राहिलेल्या लिंकची यादी देतात, सही करतात. वर्गात यायचं मनात असतं त्यांच्या, मला माहितीये, ते स्वतः फार छान कविता शिकवायचे.

२३ नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीला मी बसले. दारात अंगझडती, बायोमेट्रिक, चेहऱ्याचा फोटो. हॉलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर पन्नाशीचे एक गुरुजी, दोन चष्मे घेऊन आलेले, एक लांबचा एक जवळचा, आणि पर्यवेक्षक त्यांना सारखे विचारतायत, दुसरा कशाला आणलाय. मागं एक पोरगी, तिचं तान्हं बाळ बाहेर आजीपाशी, मधेच रडण्याचा आवाज आला की तिचं पेन थांबायचं. पेपर वाईट नव्हता, खरं सांगते. गणिताचं मी घरी दोन महिने घासलं होतं, माझ्याच पोरीनं शिकवलं, शेकडा नफा-तोटा करताना ती माझ्यावर ओरडली तेव्हा मला आमच्या वर्गातल्या काही पोरांची फार दया आली. त्या अभ्यासानं माझं नुकसान झालं नाही, उलट थोडी धूळ झटकली गेली. तेव्हा परीक्षा नकोच, असं मी म्हणणार नाही. फक्त त्या अडीच तासांत मी शिक्षक आहे की नाही ते ठरलं, असं कुणी म्हणू नये.

दरम्यान मी आणि आमच्या शाळेतल्या नव्या मॅडमनी एक सुरू केलंय. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा एक तास चारही वर्ग एका खोलीत घ्यायचे, एकीनं शिकवायचं, दुसरीनं मागं बसून लिहायचं. एरवी आपला वर्ग सोडून दुसरीच्या वर्गात बसता येत नाही म्हणून ही आयडिया. चौथीच्या पोरांना पहिलीचं बघून मजा वाटते आणि पहिलीची पोरं चौथीच्या कविता उचलतात, तो फायदा वेगळाच. मॅडम माझ्यापेक्षा कडक शेरे लिहितात, वही मी इथं दाखवणार नाही. लाल पेन मात्र नको म्हणाल्या, हिरवा आणलाय. केंद्रप्रमुख मागच्या महिन्यात आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते खूश झाले, वही चाळली, दोन शेरे मोठ्यानं वाचले, म्हणाले, "वा, उपक्रम छान आहे, ग्रुपवर फोटो टाका. आणि हां, त्याची एक लिंक येईल, ती भरा."